एक खुर्ची, दोन बाळापूर

अब्बांनी पहिल्यांदा बैलाची शिंगं धरायला लावली तेव्हा मी चड्डी ओली केली होती. ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून सांगितली जाते. सांगणारे बदलले, ऐकणारे बदलले, माझ्या दाढीत औषधालाही काळा केस उरला नाही, पण कुणाच्या लग्नात जेवायला बसलो की एखादा टवाळ विचारतोच, "काहून नासिरभाई, शिंगं आठवतात का?" आठवतात. आम्ही नालबंद. बाळापूरला किल्ल्याच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक कडुनिंब होता आणि त्याच्याखालची मऊ माती हेच आमचं दुकान. शेतकरी बैल घेऊन यायचे. अब्बा बैलाच्या पायांत दोर असा काही फिरवायचे की एका हिसक्यात ते एवढं मोठं जनावर कुशीवर आदळायचं. मग चारी पाय एकत्र बांधायचे, एकाने मानेवर बसून शिंगं दाबायची, आणि अब्बा खूर तासून त्याच्या दोन्ही फाकांना एकेक नाल ठोकायचे. हातोडीचा आवाज नदीपलीकडून परत यायचा. बैल ओरडत नाही. तो नुसता जोरात श्वास सोडतो आणि त्याचा डोळा आपल्याकडे वळतो. तो डोळा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर असायचा. मला त्याची भीती वाटायची आणि दयाही यायची, आणि नालबंदाच्या पोराला या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत.

मी बारावी झालो त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं. कशासाठी यायचं हे वाचायची गरज नसे. लोक पहिलं पान उलटून थेट कापसाचा भाव बघायचे. गावातले बैल कमी होत चालले होते. कडुनिंबाखाली यायचे ते बहुतेक विकायला निघालेले असायचे. नवी नाल ठोकलेला बैल बाजारात पाय उचलून चालतो, गिऱ्हाइकाला तो तरणा वाटतो, म्हणून दावणीला टाकायला वैरण नसलेला माणूससुद्धा शेवटची नाल ठोकून घ्यायचा. त्यांच्या दावणी रिकाम्या होत होत्या आणि त्यावर आमची चूल पेटत होती. अम्मी रोज ज्वारीची भाकर आणि ठेचा करायची, बाजाराच्या दिवशी वांग्याचं भरीतही असायचं, आणि ते भरीत खाताना आम्हाला सगळ्यांना माहीत असायचं की कुणाची तरी जोडी गेली आहे. भरीत चवदार लागायचं, हेही सांगून टाकतो.

त्यातच एका खोंडाने दोर पडायच्या आधी अब्बांच्या गुडघ्यावर लाथ घातली. गुडघा सुजला आणि मग कायमचा वाकडा राहिला. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, बाहेर वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी. अब्बांना राग आला की तिन्ही एकदम यायच्या. त्या दिवशी मात्र ते शांतपणे बोलले. "एक साल देता तेरे को. अमरावती जा, कंप्यूटर सीख. कुछ बना तो बना, नहीं तो वापस आके रस्सी पकड." रस्सी म्हणताना त्यांनी कोपऱ्यातल्या दोराकडे पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती, मी पाहत होतो. माझ्या आयुष्यात त्या वर्षी एवढीच गोष्ट होती. एका बाजूला कॉम्प्युटर आणि दुसऱ्या बाजूला तो डोळा.

अमरावतीला राजापेठेच्या मागच्या गल्लीत फुफू, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, राहायची. तिच्या घरात मला एका कोपऱ्यात गोधडी मिळाली आणि जेवणाच्या रांगेत शेवटची जागा. फुफूकडे जेवायला बसायचा क्रम दगडावर कोरल्यासारखा होता. आधी फुफा, मग तिची दोन पोरं, मग ती स्वतः आणि मग मी. क्रमावरूनच कुणाच्या ताटात काय पडणार हे ठरायचं. सालन, म्हणजे मटणाचा रस्सा, फुफांपाशी घट्ट असायचं, पोरांपर्यंत त्यात बोट्या असायच्या, माझ्यापर्यंत येईतो त्या पातेल्यात कधीकाळी गोश्त शिजलं होतं एवढी बातमी उरायची. एकदा थोरला पोरगा गावाला गेला होता म्हणून मी त्याच्या जागी बसलो. फुफूने माझं ताट उचललं आणि शेवटी नेऊन ठेवलं. मधली जागा रिकामीच राहिली. पुढे कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सरांनी टपल, म्हणजे मशीनला द्यायची न बदलणारी यादी, शिकवली तेव्हा बाकीची पोरं माना खाजवत होती आणि मला ते ऐकताक्षणी कळलं. टपल म्हणजे फुफूचा दस्तरखान, तिची जेवणाची पंगत. कंसात ज्या क्रमाने मांडलं त्या क्रमाने राहणार, कुणाला हलवता येत नाही, आणि तुम्ही कोण ते तुमच्या जागेवरून ओळखायचं. नाव कुणी विचारत नाही.

क्लास राजापेठेतच एका औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात चपला आणि दप्तरं बाहेर ठेवून आत जायचं. आत पंख्यांची घरघर, खालून दुचाक्यांचे हॉर्न, आणि या सगळ्यावर सरांचा आवाज. सरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची मुलंबाळं अजून त्या गावात आहेत आणि ती भली आहेत. सर पुण्याला काही वर्षं काढून आले होते. मुळात तेही आमच्याच भागातल्या कुठल्याशा खेड्यातले, पण ते त्यांनी असं पुसून टाकलं होतं की विचारायची हिंमत होऊ नये. पोरांची नावं ते लक्षात ठेवत नसत. जो ज्या गावचा ते त्याचं नाव. "ए अकोट, फळा पूस. ए दर्यापूर, दात काढू नको." अमरावतीच्या पोरांना मोहल्ल्यांची नावं होती. गावावरून माणूस ओळखायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, निम्मी आडनावं त्यातूनच आली, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी बाळापूर झालो. दुसरी त्यांची करमणूक म्हणजे आमची बोली. कुणी "मले" म्हणालं की ते शिकवणं थांबवायचे, कानामागे हात धरायचे आणि सगळ्या वर्गासमोर तो शब्द पुन्हा म्हणायला लावायचे. शब्द तोच राहायचा आणि पोरगं मात्र दर वेळेला थोडं लहान व्हायचं.

वर्ग सुरू होऊन महिना दोन महिने झाल्यावर गजानन आला. उंच, काळाभोर, हाताला नांगराचे घट्टे. त्याचं गाव बाळापूर तालुक्यातलं एक खेडं होतं. त्याच्या बापाची जोडी आमच्याच कडुनिंबाखाली नाल ठोकायला यायची, त्यामुळे आम्ही एकमेकांना पाहून होतो. सरांनी गाव विचारलं, त्याने सांगितलं. सरांनी ते कधी ऐकलं नव्हतं. "तालुका?" "बाळापूर, सर." "मग तूही बाळापूर." एवढंच. त्या दिवसापासून सरांनी "बाळापूर" म्हटलं की आम्ही दोघं उभे राहायचो आणि वर्ग हसायचा. सरही हसायचे. एकदा म्हणाले, "एका गावाला दोन माणसं कशाला लागतात रे?" गजा माझ्या कानात म्हणाला, "तू बाळापूर राह्य बाप्पा, मले नाई पायजे." तो मनाने मोठा होता. तो मधल्या सुट्टीत गावाहून आणलेल्या तुरीची डाळ आणि भाकर काढायचा आणि अर्धी मला द्यायचा, आणि फुफूच्या घरी शेवटच्या जागेवर बसणाऱ्याला ती अर्धी भाकर म्हणजे काय ते मी कसं सांगू. आम्ही एका मशीनवर शेजारी बसायचो. त्याला कोड जमत नसे. ओळी त्याच्या हातात ढेकळासारख्या फुटायच्या. मला मात्र ते सगळं इतकं सोपं जायचं की मलाच भीती वाटायची.

एके दिवशी सरांनी टपलपासून डिक्शनरी करायची शिकवली. त्यांनी फळ्यावर जोड्या मांडल्या, प्रत्येक जोडीत आधी गाव, मग मार्क. मग म्हणाले, "टपलमध्ये वस्तू जागेवरून सापडते. डिक्शनरीत ती नावावरून सापडते. हाक मारा, वस्तू हजर. जोड्यांची डिक्शनरी करायला एक ओळ पुरते." आणि मग, करून दाखवावं म्हणून, त्यांनी भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या. प्रत्येक खुर्ची म्हणजे एक गाव. "एकेक जण या आणि आपापल्या गावावर बसा." अकोट बसला, दर्यापूर बसला, मी बाळापूरच्या खुर्चीवर बसलो. नंतर गजाचा नंबर आला. तो माझ्यासमोर येऊन घोटाळला. सर म्हणाले, "बस ना. तुझंही नाव बाळापूरच आहे." गजा म्हणाला, "सर, नासिर बसला हाय." सर म्हणाले, "नासिर कोण? मला बाळापूर दिसतो." मग त्यांनी स्वतः येऊन माझ्या दंडाला धरलं, मला खुर्चीवरून उठवलं आणि गजाला तिथे बसवलं. "लक्षात ठेवा. एका नावाला एकच जागा. त्याच नावाचा दुसरा आला की पहिला गेला. मशीन भांडत नाही, सूचना देत नाही, रडत नाही. शेवटी जो आला तो खरा." मी विचारलं, "मी कुठे बसू, सर?" सर म्हणाले, "तू नाहीसच." वर्ग खदखदून हसला. तास संपेपर्यंत मी दारापाशी उभा होतो. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी त्या दिवशी उभ्या उभ्या शिकलो.

माझी नात अकोल्याला हेच सगळं शिकते. तिला हा किस्सा सांगितला तर म्हणाली, "पण नाना, यात चूक काय? नियमच तसा आहे." नियम तसाच आहे, बेटा. मी कुठे नाही म्हणतो? नियमाला खुर्च्या मांडाव्या लागत नाहीत आणि तो कुणाचा दंडही धरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

वर्ष संपत आलं तशी बातमी आली की पुण्याच्या एका कंपनीची माणसं क्लासला येणार आहेत आणि तीन पोरं निवडून सोबत घेऊन जाणार आहेत. आधी परीक्षा, मग तिच्या मार्कांवरून निवड. सरांनी पेपर तपासून आदल्या दिवशी वाटले. माझ्या पेपरावर लाल शाईत एक्क्याण्णव होते. वर्गात कुणाचेही तेवढे नव्हते. गजाचे एक्केचाळीस. त्याने माझा पेपर हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कळवळलो. "गेला बे तू पुण्याले! तुह्या बापाले सांग, दोर इकून टाक म्हना." मी त्या संध्याकाळी फुफूच्या घरी शेवटच्या जागेवर बसून पाणचट सालन खाल्लं आणि मला ते गोड लागलं. फुफूने विचारलं, "क्या हंसता रे अकेला?" मी सांगितलं नाही. तिला सांगायचं ते पुण्याहून, असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. एक साहेब आणि एक मॅडम. त्यांच्यासाठी कचोऱ्या आणल्या होत्या, त्यांचा वास वर्गभर सुटला होता. सरांना निकाल नुसता वाचायचा नव्हता; त्यांना आपला प्रोग्राम दाखवायचा होता. त्यांनी मोठ्या पडद्यावर जोड्या दाखवल्या, गाव आणि मार्क, गाव आणि मार्क. त्यांत बाळापूर दोनदा होतं, वरती माझं आणि बरंच खाली गजाचं, पण यादी झरझर वर सरकली. "आता बघा, एका ओळीत," असं म्हणून सरांनी ती एक ओळ लिहिली आणि पडद्यावर डिक्शनरी उमटली. अकोटपुढे त्याचे मार्क, दर्यापूरपुढे त्याचे. बाळापूरपुढे एक्केचाळीस. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीनने काही सूचना दिली नाही. सर तीन गावांची नावं मोठ्याने वाचायला लागले आणि त्यांत बाळापूर नव्हतं.

मी उभा राहिलो. "सर, बाळापूर दोन आहेत." सर म्हणाले, "बस." मी बसलो नाही. "सर, माहे एक्क्याण्णव हाय. गावासोबत नावबी घ्या ना सर, दोन्हीची मिळून एकच हाक करा, मंग दोघंबी दिसतीन." घाबरलो की माझी बोली तोंडात येते, आजही येते. सरांनी कानामागे हात धरला. "माहे?" ते म्हणाले. वर्ग सवयीने हसला. मॅडमही हसल्या, वाईट हेतूने नाही, पण हसल्या. तरी त्यांनी विचारलं, "बाळापूरचे दोन विद्यार्थी आहेत का?" त्या क्षणी सरांनी एवढंच म्हणायला हवं होतं की हो, आहेत, माझ्याकडून राहिलं. पोरांची चूक झाली असती तर ती त्यांनी हसत हसत दुरुस्त केली असती. पण चूक त्यांची होती, मोठ्या पडद्यावर होती आणि तिला नुकत्याच टाळ्या मिळाल्या होत्या. सरांनी वर्गाकडे पाहिलं. वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं की आम्ही दोघं आहोत. आम्हाला दोघांना एकदम उभं राहताना पाहून वर्षभर ते हसले होते. सर्टिफिकेटवर सरांच्या सह्या व्हायच्या होत्या. कुणी तोंड उघडलं नाही. मग सरांनी माझ्या डोक्यावरून मागे, पाहुण्यांमुळे त्या दिवशी मागच्या रांगेत बसलेल्या गजाकडे, बोट दाखवलं. "बाळापूर, उभा राहा. तुझे मार्क किती?"

गजा उभा राहिला. मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "एक्केचाळीस, सर," तो म्हणाला.

तो खोटं बोलला नाही, त्याचे तेवढेच होते. एवढं खरं बोलून माणूस दुसऱ्याला मातीत घालू शकतो, हे मला त्या वयात माहीत नव्हतं. सर पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. काही मुलांना निकाल पचत नाही, दुसरं काय." मी बाहेर धावलो. पेपर दप्तरात होता आणि दप्तर जिन्यात, चपलांच्या ढिगात, खाली कुठेतरी. ते सापडून परत येईपर्यंत पाहुणे आत केबिनमध्ये गेले होते आणि दार लागलं होतं. सर दाराबाहेर उभे होते. मी पेपर पुढे केला. त्यांनी तो घेतला, मार्क पाहिले, स्वतःची सही पाहिली. "एक्क्याण्णव," ते म्हणाले. "चांगले आहेत." मग पेपराची चौकोनी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मी म्हणालो, "सर, अजून ते आतच आहेत." सर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात, अगदी मायेने म्हणाले, "पुण्यात जाऊन माहे-तुहे करशील. माझं नाव खराब होईल. बस खाली, बाळापूर." मला तेव्हाही राग आला होता आणि आज हे लिहितानाही येतो. म्हातारपणी माणूस सगळ्यांना माफ करतो म्हणतात. ज्यांना माफ करायचं असेल त्यांनी करावं.

फुफूला मी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं. तिने माझी गोधडी झटकून घडी करून दारापाशी ठेवली आणि म्हणाली, "तेरे बाप ने एक साल बोला था." तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. एसटीने अकोल्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने मी बाळापूरला आलो. अब्बा कडुनिंबाखाली वाकडा पाय लांब करून बसले होते. मी सगळं सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी बाजूचा दोर उचलला आणि माझ्या पायाशी टाकला. अम्मीने त्या दिवशी भरीत केलं होतं.

दोर टाकायला मी लवकर शिकलो. भीतीने माणूस लवकर शिकतो. मग एका बाजाराच्या आदल्या दिवशी गजाचा बाप जोडी घेऊन आला आणि मागे दुसरा कासरा धरून गजा होता. जोडी विकायची होती. मला वाटलं अब्बा म्हणतील की हे मी करतो, तू बस. अब्बांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "नासिर, डाल." मी दोर फिरवला, हिसका दिला आणि गजाचा बैल धाडकन पडला. गजा मानेवर बसला आणि त्याने शिंगं दाबली. मी पायांशी आणि तो डोक्याशी, मधे एवढा मोठा बैल. अब्बांची हातोडी सुरू झाली. गजा खाली बघतच म्हणाला, "नासिर, म्या खोटं सांगतलं का?"

"नाई."

"त्यानं इचारलं, तुहे किती. म्या माहे सांगतले."

"तुले मालूम होतं, तो काहून इचारते ते."

"हाव," गजा म्हणाला. "मालूम होतं. सही बाकी होती ना बे. बापानं जोडी इकाले काढली त्या कागदाच्या बाकी फीसाठी. बिना कागदाचा घरी जाऊ का मी?" मग म्हणाला, "माह्या जागी तू असता तं बोलला असता?"

"बोललो असतो," मी म्हणालो. त्याने मान हलवली. त्याने विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. तेवढ्यात बैलाने जोरात श्वास सोडला आणि डोळा फिरवला, आणि गजाने वाकून आपलं कपाळ बैलाच्या कपाळाला टेकवलं. "झालं राजा, झालं, एकच राह्यला," तो पुटपुटत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी बैलाच्या नाकाडावर पडत होतं. त्या दिवशी वर्गात माझ्यासाठी त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मला त्या बैलाचा हेवा वाटला. नवी नाल घातलेली जोडी संध्याकाळी पाय उचलत, टाप वाजवत पुलावरून गेली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात विकली गेली. बैल गेले, कागद आला. त्या कागदाचा गजाला पुढे कुठेच उपयोग झाला नाही.

नालबंदी माझ्या हातातच संपली. बैलच उरले नाहीत. मग अकोटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरपुढे बसायचं काम मिळालं आणि त्यावर माझा संसार झाला. गजा पुण्याला गेला. तो अजून तिथेच आहे आणि सणावाराला फोन करतो. आम्ही पीकपाण्याचं बोलतो, पोरांचं बोलतो. त्या दिवसाचं बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी अमरावतीला त्यांचा सत्कार ठेवला. मी काहून गेलो ते मला सांगता येणार नाही. बहुधा एकदा आपलं नाव त्यांच्या तोंडून ऐकावं असं वाटलं असेल. सर खूप थकले होते. गळ्यात हार, मांडीवर शाल, ऐकू कमी येत होतं, आणि पुण्याची ती सगळी मराठी वयाबरोबर झडून गेली होती. रांगेतून माझा नंबर आला. मी वाकलो. त्यांनी विचारलं, "कुठचा बे तू?"

"बाळापूर."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बाळापूर! गजानन नं तू? एक्क्याण्णव पाडले होते लेकाच्यानं! पुण्याचे लोक आले होते तवा."

इतकी वर्षं मी समजत होतो की ते विसरले असतील. मार्क विसरले नव्हते, आणि सर्टिफिकेटवर लिहिलेलं गजाचं नावही. खिशात घडी करून ठेवलेला तो आकडा त्यांनी जसाच्या तसा जपला होता, फक्त तो दुसऱ्याला देऊन टाकला होता. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणालो, "सर, आम्ही दोघं होतो. गजानन आणि मी. मी नासिर."

"नाई बे," सर माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले. "बाळापूरचा एकच होता. कुठी हाय तो आता?"

"पुण्याला," मी म्हणालो. "मोठ्या कॉम्प्युटरच्या कंपनीत." हेही खरंच होतं. गजा त्या कंपनीच्या फाटकावर खाकी कपड्यांत उभा असतो आणि आत जाणाऱ्या गाड्यांसाठी आडवा दांडा वर उचलतो. ते मी सांगितलं नाही. विचारलं होतं तेवढंच सांगितलं.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी शेजारी बसलेल्या पाहुण्याचा हात धरून हलवला. "पाह्य," ते म्हणाले, "माह्या हातचा पोट्टा हाय तो." ते 'माह्या' म्हणाले आणि सगळा हॉल आदराने ऐकत होता. कुणीही हसलं नाही.